काचीगुडा ते मनमाड : वाफेच्या इंजिनाची ओढ

वाफेचे इंजिन भारतीय रेल्वेच्या नियमित सेवेतून निवृत्त झाले, त्याला पाव शतक उलटून गेले. रुंद रुळांवरची शेवटची नियमित वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधरहून फिरोजपूरला गेली आणि मीटरगेजवरची धुराडीही त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत थंडावली. आज विशी-पंचविशीत असलेल्या बहुतेक मुलामुलींनी कोळशाचे इंजिन रोजची गाडी ओढताना पाहिलेले नाही. तरीही लहान मुलाला आगगाडीचे चित्र काढायला सांगितले, की ते अजून धुराडे आणि धुराचे लोट काढते. दार्जिलिंगला किंवा निलगिरीत गेलेला प्रवासी डब्यात जागा धरण्याआधी पुढे जाऊन इंजिनापाशी उभा राहतो. विजेच्या इंजिनापाशी असे सहसा कोणी उभे राहत नाही. ही ओढ कशाची आहे आणि हैदराबादच्या मराठी माणसाच्या वाट्याला तिचा कोणता अंश आला आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर बालपणाचे. आजोळी जाताना जी गाडी मिळाली, तिचे प्रेम जन्मभर टिकते, असे सांगतात. ग. दि. माडगूळकरांच्या आगीनगाडीच्या गाण्यावर ज्या पिढ्या वाढल्या त्यांना हे पटेलही. पण ज्यांनी हे इंजिन कधी पाहिले नाही, त्यांनाही ते खेचून घेते, याचा उलगडा या उत्तराने होत नाही. दुसरे उत्तर सौंदर्याचे. डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाचे गोल, निमुळते तोंड आणि त्यावरचा तारा देखणा होता, यात शंका नाही. परंतु देखणी यंत्रे आणखीही होती. परभणी-सेलूच्या जिनिंगमधली जुनी यंत्रे भंगारात गेली, तेव्हा कोणी हळहळले नाही. तेव्हा कारण आणखी खोल शोधावे लागते, आणि ते या इंजिनाच्या चालण्यातच सापडते.

वाफेच्या इंजिनात झाकलेले असे फार थोडे आहे. मागे भट्टी, तिच्यापुढे पाण्याने भरलेला लांबट बॉयलर, आणि बॉयलरच्या पोटातून आरपार गेलेल्या नळ्या. भट्टीतला तप्त वायू या नळ्यांतून पुढे धुराड्याकडे जातो, त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, ती सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला ढकलते, आणि दट्ट्याला जोडलेला लोखंडी दांडा चाक फिरवतो. दांड्याची पुढेमागे होणारी हालचाल फलाटावर उभ्या असलेल्या निरक्षर माणसालाही उघड दिसते. डिझेल आणि विजेच्या इंजिनात काय चालले आहे, ते तंत्रज्ञ जाणतो. वाफेचे इंजिन मात्र आपले काम सर्वांसमक्ष करी.

त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट कानाला कळते. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ वाया जात नाही. ती एका तोटीतून धुराड्यात वर सोडतात. तिच्या झोतामुळे धुराड्यात ओढ निर्माण होते आणि भट्टीतला विस्तव फुलतो. म्हणजे चढ लागला, इंजिनाला अधिक श्रम पडू लागले, की झोत जोरात, विस्तव प्रखर आणि वाफही अधिक. श्रमानेच बळ वाढावे, अशी ही योजना आहे. आपण ज्याला ‘झुकझुक’ म्हणतो तो या झोताचा आवाज. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात तो चार वेळा होतो. वायपी वर्गाच्या मीटरगेज इंजिनाचे मुख्य चाक साडेचार फूट व्यासाचे. एका मैलात त्याचे सुमारे ३७३ फेरे होतात, म्हणजे मैलाला सुमारे दीड हजार उच्छ्वास. मनमाड ते सिकंदराबाद हे अंतर ३९१ मैलांचे. उतारावरची विश्रांती हिशेबात धरली नाही, तर एका प्रवासात हे उच्छ्वास पावणेसहा लाखांच्या वर जातात. जो प्राणी चढावर धापा टाकतो, पाणी पितो, राख टाकतो आणि थांबला तरी सुस्कारत राहतो, त्याला माणसाने सजीव मानले तर नवल नाही. मुंबई–ठाणे मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी धावली, तेव्हाच्या लोकांनी या नव्या शक्तीकडे देवभयाच्या दृष्टीने पाहिले, ते याच कारणाने.

पण हा प्राणी स्वतःच्या बुद्धीने जगत नसे. त्याला जगवणारी माणसे लागत. गाडी निघण्याच्या कित्येक तास आधी शेडमध्ये त्याची भट्टी पेटवावी लागे. ड्रायव्हर, त्याच्या हाताखालचे फायरमन, शेडमधले फिटर, बॉयलर दुरुस्त करणारे, राख काढणारे खलाशी, अशी सगळी साखळी एका इंजिनामागे उभी असे. कोळसा नुसता आत लोटून भागत नसे. विस्तवाचा थर कोठे जाड, कोठे पातळ ठेवायचा, चढ येण्यापूर्वी किती आधी कोळसा घालायचा, पाणी केव्हा सोडायचे, याचे आडाखे मार्गागणिक वेगळे असत. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी ही फायरमनची खरी चिंता. भट्टीच्या छतावर पाणी नेहमी असलेच पाहिजे. त्या छतात शिशाचे बूच बसवलेले असे. पाणी कमी पडून छत उघडे पडले, की शिसे वितळे आणि वाफ भट्टीत उतरून विस्तव दडपू लागे. ते बूच वितळणे म्हणजे त्या फायरमनच्या नावाला कायमचा डाग. एकाच वर्गाच्या दोन इंजिनांचे स्वभावही वेगळे असत, आणि ड्रायव्हर त्यांच्याविषयी घरच्या बैलांविषयी बोलावे तसे बोलत. या इंजिनाची ओढ म्हणजे खरे तर लोखंड, विस्तव आणि माणूस यांच्या त्या जिवंत सहवासाची ओढ आहे. हे एकदा मान्य केले, की इंजिनाच्या प्रेमाला माणसांचा इतिहास टाळता येत नाही. आपल्या हैदराबादेत तो इतिहास सरळ नाही, गोडही नाही.

निजामाच्या राज्यात आगगाडी आली ती प्रजेने मागितली म्हणून नव्हे. मुंबईकडून आणि मद्रासकडून येणारे मार्ग १८७१ मध्ये रायचूरला मिळाले. सिकंदराबादेत इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती, आणि ती या मार्गाला जोडली जावी, अशी त्यांची निकड होती. दिवाण पहिले सालारजंग यांना या प्रस्तावातले राजकारण कळत होते आणि ते प्रारंभी अनुत्सुक होते. अखेर १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा रुंद रुळांचा मार्ग खुला झाला. त्यासाठीचा पैसा हैदराबादच्या तिजोरीशी बांधलेला होता.

पुढच्या टप्प्यात हे अधिक स्पष्ट झाले. फेब्रुवारी १८८३ मध्ये सालारजंग वारले. निजाम मीर महबूब अली खान अजून अल्पवयीन होते. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ कंपनी उभी राहिली. नावातला ‘गॅरंटीड’ हा शब्द नीट वाचला पाहिजे. भागधारकांना पाच टक्के व्याजाची वीस वर्षांची हमी निजाम सरकारने दिली होती. तोटा झाला तर तो हैदराबादच्या रयतेचा. मार्ग पूर्वेकडे वरंगळला आणि उत्तरेला चांद्याकडे नेण्याची ही योजना ‘चांदा रेल्वे योजना’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या अटी लोकांपुढे मांडा, अशी मागणी करणाऱ्यांत प्रमुख होते डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडू यांचे वडील. मुल्ला अब्दुल कय्यूम यांच्यासारखे विचारी गृहस्थ त्यांच्याबरोबर होते. या चळवळीपायी १८८३ मध्ये अघोरनाथांना हैदराबादेतून हद्दपार करण्यात आले. पुढे त्यांना परत बोलावले गेले, ही गोष्ट वेगळी. एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर हैदराबादच्या सुशिक्षितांनी केलेली ही पहिल्या काही चळवळींपैकी एक, आणि तिचा विषय आगगाडी होता. मार्ग १८८६ मध्ये वरंगळला व १८८९ मध्ये बेजवाड्याला पोहोचला. चांद्याच्या दिशेचा दुवा मात्र काझीपेठ–बल्लारशा मार्ग १९२९ मध्ये पुरा झाला तेव्हा जुळला. कंपनीकडून रेल्वे सरकारने आपल्या हाती घेतली, ती १ एप्रिल १९३० रोजी.

इंजिनाला कोळसा हवा. येल्लंदूजवळचा कोळसा भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे डॉ. विल्यम किंग यांनी १८७१ च्या सुमारास शोधून काढला होता. बेजवाड्याचा मार्ग डोर्नकलवरून गेला आणि तेथून फाटा काढून खाणींना जोडण्यात आला. सिंगरेणीचा कोळसा रेल्वेने वाहावा आणि रेल्वेने तोच जाळावा, असे दोघांचे परस्परांवर पोट होते. या खाणींच्या मक्त्याचा व्यवहारही इतका वादग्रस्त ठरला, की १८८८ मध्ये त्याची चौकशी थेट ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे झाली. सिंगरेणीच्या कोळशात राखेचे प्रमाण अधिक. याचा अर्थ कागदावर एक टक्केवारी, पण फायरमनच्या दृष्टीने वाटेत पुनःपुन्हा भट्टी खरवडणे. सिकंदराबादजवळ लालागुड्याला १८९३ मध्ये रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आसमंतात अँग्लो-इंडियन, तेलुगू, मुसलमान, तमिळ अशा कामगारांची एक वेगळीच वस्ती वसली. हैदराबादच्या अठरापगड जीवनात लालागुड्याने एक नवी जात मिळवली, ती म्हणजे इंजिनवाल्यांची.

आता आपल्या मार्गाकडे वळू. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे हा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. मराठवाड्यावर त्या वेळी १८९९-१९०० च्या महादुष्काळाची छाया होती. सिकंदराबाद, बोलारम, कामारेड्डी, निजामाबाद, बासरला गोदावरी ओलांडून धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, जालना, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), दौलताबाद, लासूर, रोटेगाव, नगरसोल आणि मनमाड. हैदराबादच्या जुन्या मराठी घरांतून ही नावे पाठ असत, जशी देवळातली नामावळी पाठ असावी. रुळांमधले अंतर अवघे एक मीटर. खर्च कमी, म्हणून हा अरुंद मार्ग निवडला गेला. त्याची किंमत मनमाडला मोजावी लागे. तेथे मुंबईचा रुंद मार्ग भेटे, आणि मराठवाड्यातल्या कापसाची प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. माणसांनीही ट्रंका, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन फलाट बदलावा.

हैदराबादेतील मराठी वस्ती रेल्वेने निर्माण केली, असे म्हणता येणार नाही. दफ्तरांच्या आणि देशमुखी-देशपांडेपणाच्या कामांनिमित्त आलेली घराणी त्याआधी कित्येक पिढ्या येथे नांदत होती. रेल्वेने केले ते वेगळे. तिने ही माणसे मुळाशी जोडलेली ठेवली. पूर्वी सुनेला माहेरी पाठवायचे म्हणजे गाड्या, बैल, सोबत आणि मुक्काम यांची तरतूद करावी लागे. आता संध्याकाळी काचीगुड्याला गाडीत बसावे आणि सकाळी मराठी मुलखात डोळे उघडावेत. काचीगुड्याचे घुमटांचे देखणे स्थानक १९१६ मध्ये बांधले गेले. सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार या आपल्या वस्त्या त्याच्या पायवाटेवर होत्या, हा योगायोग आपल्या सामाजिक इतिहासात फार मोलाचा ठरला.

या मार्गाने विद्या आली आणि चळवळही आली. विवेकवर्धिनी १९०७ मध्ये स्थापन झाली, उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये. उच्च न्यायालय, मोठी कचेरी आणि वरचे शिक्षण हैदराबादेत, म्हणून मराठवाड्यातले हुशार मूल येथे येई. नरहर कुरुंदकर आपले मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे शिकायला आले. वसमत-नांदेडकडून हैदराबादला येण्याची तेव्हाची वाट म्हणजे हाच मार्ग. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले, ते परतूरला. परतूर हे कोणते मोठे नगर नव्हे, पण रेल्वेचे स्थानक आहे. ज्या आगगाडीच्या कर्जाविरुद्ध बोलणाऱ्याला १८८३ मध्ये हद्दपार केले, तीच आगगाडी पन्नास-पंचावन्न वर्षांनी संस्थानी राजवटीला प्रश्न विचारणाऱ्यांच्या उपयोगी पडली. यंत्राला निष्ठा नसते. ते ज्याच्या हाती पडते, त्याचे काम करते.

राज्य गेले, सीमा बदलल्या. निजाम स्टेट रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचे मराठी भाषक एका रात्रीत अल्पसंख्य झाले. कालपर्यंत ज्या राज्यात औरंगाबाद आणि हैदराबाद एक होते, ते राज्यच राहिले नाही. पण काचीगुड्याची गाडी दुसऱ्या दिवशीही सुटली. धर्माबाद आणि बासर यांच्यामध्ये कोठेतरी आता सीमा होती, इंजिनाच्या उच्छ्वासात मात्र तिची नोंद नव्हती. पुढे २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तिचे मुख्यालय सिकंदराबाद. मनमाडची अजिंठा एक्सप्रेस आणि जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत, त्या पिढीने या मार्गावर वाफ आणि डिझेल ही दोन्ही युगे पाहिली. राज्यपुनर्रचनेने जे तोडले, ते रुळांनी धरून ठेवले होते. आपल्या मनातली या इंजिनाची ओढ येथून येते. ती यंत्राची आहे तितकीच न तुटलेल्या नात्याचीही आहे.

असे असले तरी या ओढीचा एक दोष सांगितलाच पाहिजे. ती बहुतेक डब्यात बसणाऱ्याची ओढ आहे. आपल्या आठवणीत खिडकीतून डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण आहे, आईने पदराच्या टोकाने तो काढल्याचे सुख आहे. फायरमनच्या आठवणीत काय होते? मे महिन्यात नांदेड-परभणीच्या उन्हात, उघड्या भट्टीपुढे उभे राहून टनांनी कोळसा उचलणे. भाजलेले हात, अवेळी झोप, कोळशाच्या धुळीचा खोकला. डिझेल आले तेव्हा त्याने बहुधा सुटकेचा श्वास टाकला असेल. चितरंजनच्या कारखान्याने रुंद मार्गाचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये बनवले, त्याला ‘अंतिम सितारा’ असे हळवे नाव दिले, आणि १९७२ मध्ये वाफेच्या इंजिनांची बांधणी पूर्ण थांबवली. ती थांबवणे योग्यच होते. कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्साही हे इंजिन जेमतेम कामी लावी. तेव्हा वाफेचे युग परत यावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की गेलेल्या युगातले काय राखायचे.

या प्रश्नाला इंग्लंडमधील इंजिनवेड्यांनी दिलेले उत्तर शिकण्याजोगे आहे. वेल्समधील टॅलिलिन ही खाणीची छोटी रेल्वे बंद पडण्याच्या बेतात असता एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी १९५१ मध्ये ती चालवायला घेतली. कारकून, शिक्षक, दुकानदार अशा हौशी माणसांनी वेतनाशिवाय आगगाडी चालवण्याचा जगातला तो पहिला प्रयोग. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफ ऑगस्ट १९६८ मध्ये गेली. पण बॅरी येथील भंगारवखारीत तोडण्यासाठी आलेल्या इंजिनांपैकी २१३ इंजिने या हौशी मंडळींनी पैसे जमवून सोडवली. एका जातीचे एकही इंजिन उरले नव्हते, तर त्यांनी जुन्या नकाशांवरून ते नव्याने घडवले. ‘टॉर्नेडो’ नावाचे ते इंजिन २००८ मध्ये वाफेवर चालले. यातले मर्म असे, की त्यांनी लोखंड वाचवले, त्याहून अधिक हातांतली विद्या वाचवली. निवृत्त ड्रायव्हरांना शोधून काढले, तरुणांना त्यांच्या शेजारी उभे केले, त्यांचे बोलणे उतरवून ठेवले.

आपल्याकडेही अशी माणसे झाली. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडले, त्यामागे मायकेल सॅटो या भारतात नोकरीला असलेल्या इंग्रज गृहस्थाची भटकंती होती. देशभरच्या शेडमधून आणि साखर कारखान्यांमधून त्यांनी जुनी इंजिने हुडकली. १८५५ साली लीड्स येथे बांधलेली ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावली. दार्जिलिंगच्या रेल्वेला १९९९ मध्ये आणि निलगिरीच्या रेल्वेला २००५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. निलगिरीसाठी तिरुचिरापल्लीच्या कारखान्याने या शतकात नवी वाफेची इंजिने घडवली. म्हणजे निदान एका कारखान्यात ती विद्या जिवंत राहिली. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी जन्मभराच्या छंदातून लहानग्या आगगाड्यांचे संग्रहालय उभे केले आणि ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले केले. मूर्ती लहान असली, तरी त्यातली गाडी चालते, सिग्नल पडतो, फाटक बंद होते. चालणे हाच रेल्वेचा प्राण, हे त्यांनी ओळखले होते.

विदर्भात यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरच्या ‘शकुंतले’चे उदाहरण याच्या उलट आहे. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन सत्तर वर्षांहून अधिक काळ राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी विसाव्याला गेले. लोकांचा जीव तिच्यावर फार होता. पण तिच्या इंजिनाच्या बाजूला उभे राहून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांचे शब्द किती कागदांवर उतरले? हाच प्रश्न आपल्या मार्गाविषयी अधिक टोचतो. मनमाडकडून सुरू झालेले रुंदीकरण १९९० च्या दशकात मराठवाड्यातून पुढे सरकले आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सिकंदराबादपर्यंत पुरे झाले. गाडी आता न बदलता मुंबईला जाते, मनमाडला ट्रंका उतरवाव्या लागत नाहीत. हा लाभ मोठा आहे. पण मीटरगेजचे रूळ उखडले गेले तेव्हा पाण्याचे खांब, इंजिन फिरवण्याची चक्रे, राखेचे खड्डे हेही गेले. काही इंजिने रंग देऊन चौथऱ्यांवर उभी केली आहेत. मुले त्यांच्यावर चढून छायाचित्रे काढून घेतात. ते चांगलेच आहे. परंतु भट्टी थंड झालेले इंजिन म्हणजे समाधी. समाधीपुढे हात जोडता येतात, तिच्याशी बोलता येत नाही.

बोलता येते ते माणसांशी, आणि तेही आता थोडेच दिवस. वाफेच्या इंजिनावर तरुणपणी काम केलेला फायरमन आज सत्तरीच्या पुढे आहे. लालागुडा, काझीपेठ, पूर्णा येथे अशी माणसे अजून असतील. त्यांची भाषा तेलुगू असेल, उर्दू असेल, मराठी असेल. त्यांच्याजवळ चढांचे आडाखे आहेत, शिट्टीचे संकेत आहेत, पावसाळ्यात रुळांवर वाळू सोडण्याचे कसब आहे, एखाद्या हट्टी इंजिनाचे टोपणनाव आहे. कोणत्याही सरकारी अहवालात ते मिळणार नाही. आपल्या घरांतही बरेच आहे. पितळी कुलपांच्या ट्रंकांतून जुन्या प्रवासाचे हिशेब, सुनेला आणायला कोणत्या गाडीने यावे हे कळवणारी पोस्टकार्डे, रेल्वेत नोकरीला असलेल्या आजोबांचे पास, सेवापुस्तिका, निवृत्तीच्या वेळचे गटछायाचित्र अशा वस्तू पडून आहेत. घर पाडून तेथे सदनिका उभ्या राहतात, तेव्हा या वस्तू प्रथम रद्दीत जातात. आपण हैदराबादच्या मराठी माणसांचा इतिहास लिहायचा म्हणतो, तेव्हा दिवाण, वकील आणि पंडित यांच्यापाशी थांबतो. काचीगुड्याचा तिकीट-कारकून आणि पूर्णेचा फायरमन त्यात यायला हवेत.

यासाठी मोठे संग्रहालय लागत नाही. एक वही, आजकाल खिशातच असलेले ध्वनिमुद्रणाचे साधन आणि एखाद्या वृद्धासमोर बसण्याची सवड एवढे पुरे. त्यांना इतिहास विचारू नये. पाणी कोठे भरत असू, कोणता चढ त्रास देई, रात्री काय खात असू, हे विचारावे. छायाचित्रांमागे नावे आणि गाव लिहून ठेवावे, कारण पुढच्या पिढीला चेहरे ओळखू येणार नाहीत. जमलेले कागद आपल्या मराठी ग्रंथालयात एका कपाटात एकत्र ठेवावेत. टॅलिलिनच्या हौशी मंडळींना इंजिन वाचवण्यासाठी पैसे जमवावे लागले होते. आपल्याला वाचवायचे आहे ते त्यापेक्षा हलके आहे, पण त्याचा टिकाव इंजिनाहून कमी आहे. लोखंड गंजायला पन्नास वर्षे लागतात. सांगणारा माणूस एका पावसाळ्यात निघून जातो.